प्रतिकिलोमीटर शंभर शब्द

माणसाला एखादं काम जमत नसेल तर त्याची नाचक्की होते. पण न जमणारी दोन कामं त्याने एकदम अंगावर घेतली तर लोक त्याला मानायला लागतात. कारण उघड आहे. पहिलं का झालं नाही असं कोणी विचारलं की दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं, आणि दुसऱ्याचं विचारलं की पहिल्याकडे. मोठमोठी कार्यालयं या एका तत्त्वावर वर्षानुवर्षं सुरळीत चालली आहेत. आमच्या रस्त्यावर हे तत्त्व चष्मेवाल्यांनी आणलं. मी मुद्रितशोधक आहे (म्हणजे दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करून स्वतःचं नाव कुठेही न छापून घेणारा इसम), त्यामुळे जे घडलं ते काना-मात्रा न बदलता नोंदवून ठेवतो.

चष्मेवाले माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. पुढे दुकान, मागे घर, वर मी. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. चष्मेवाल्यांचं वय बावन्न, आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षं एका महाकादंबरीत गेलेली. भिंगं घासणाऱ्या एका घराण्याच्या तीन पिढ्या, असा तिचा आवाका. अकरा वर्षांत त्रेचाळीस पानं झाली होती. पैकी एकोणचाळीस पानांत पहाटेचं धुकं होतं.

"धुक्यात पुढचं दिसत नाही हे वाचकाच्या मनावर ठसलं पाहिजे," असं ते म्हणत. ते ठसत होतं यात शंका नाही. खुद्द लेखकालाही पुढचं दिसत नव्हतं.

अशा सुस्थितीत असताना त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या हाती काय पडेल याचा नेम नसतो. चष्मेवाल्यांच्या हाती एक जुनं साप्ताहिक पडलं आणि त्यात एक लेख: लांब पल्ल्याचं धावणं आणि लेखन ही मुळात एकच क्रिया आहे. दोन्हीकडे एकांत, दोन्हीकडे चिकाटी, दोन्हीकडे सुरुवातीला बरं वाटतं आणि नंतर वाटत नाही. लेखाचं शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं. चष्मेवाल्यांनी निष्कर्षाची वाट पाहिली नाही. घरी येताना बूट घेऊनच आले.

सोमवारपासून योजना अमलात आली. दर किलोमीटरमागे शंभर शब्द, असा दर ठरला. पहिल्या महिन्याचा अहवाल मी स्वतः पाहिला आहे: धाव एकसष्ट किलोमीटर, शब्द शून्य, वजन एक किलोने जास्त (धावून आल्यावर भूक लागते, हा मुद्दा लेखात नव्हता, किंवा फाटलेल्या पानात असावा). शब्द शून्य का, याचाही खुलासा अहवालात होता. कल्पना सुचत, पण तिसऱ्या किलोमीटरला. घरी येऊन घाम पुसेपर्यंत त्या निघून जात.

मग उपाय सुरू झाले. मोज्यात कागद-पेन्सिल ठेवून पाहिली. कागदाचा लगदा झाला आणि पेन्सिल घोट्याला लागली. मग फोनवर बोलून ठेवायचं ठरलं. पहिलंच ध्वनिमुद्रण त्यांच्याकडून चुकून मुलीला गेलं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिने चार मिनिटांची ती धाप ऐकली, मधूनच "धुकं... धुकं..." असा वडिलांचा आवाज ऐकला, आणि सरळ डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर स्वतःच्या गाडीने कालव्याच्या रस्त्यावर गेले, तेव्हा रुग्ण एका कट्ट्यावर बसून विशेषण शोधत होता.

शेवटी वहिनींना सायकलवर बसवायचं ठरलं.

वहिनी म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. दुकानाचा गल्ला, काउंटर, गिऱ्हाईक आणि चष्मेवाले, असं चारही आघाड्यांवरचं काम त्या सव्वीस वर्षं बघत होत्या. अक्षर असं की छापखान्यात खिळे ओतून घ्यावेत. पण खरी गोष्ट अक्षराची नाही. डोळे तपासणारा नंबर सांगे आणि वहिनी तो कागदावर उतरवत. ऐकलं तेच लिहायचं, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. "उण्याच्या जागी अधिक लिहिलं की कोणीतरी जिन्यावरून पडतं," असं त्या म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्यामुळे कोणी पडलं नव्हतं. एवढी पात्रता असलेला लेखनिक साहित्यात सहसा मिळत नाही.

सायकलच्या दांड्यावर एक लाकडी फळी बसवली, फळीवर चिमटा, चिमट्यात वही. पुढे चष्मेवाले धावत बोलणार, मागे वहिनी पाय टेकवून लिहिणार आणि पुन्हा गाठणार. गाठायला त्यांना कधी अडचण आली नाही. एका सकाळी त्यांनी वाक्य लिहिलं, बेकरीतून पाव घेतला, बेकरीवालीच्या सुनेची चौकशी केली, आणि तरीही पुढच्या वाक्याच्या आत पोचल्या.

पहिल्या दिवशीची वही मी पाहिली. ती अशी होती:

"किमी १. हवा छान आहे. लिही, धुकं पसरलं होतं. पसरलं नको. दाटलं. (श्वास.) दाटलं पण नको. कुत्रा. अगं कुत्रा बघ. तो इकडेच येतोय. सायकल मध्ये घाल. (श्वास.) गेला."

चष्मेवाल्यांनी वही वाचून कपाळाला हात लावला. "हे कुत्र्याचं कशाला लिहिलंस?"

"तुम्ही बोललात."

"ते तुला बोललो गं. कादंबरीला नाही."

"तुम्ही पुढे तोंड करून बोलता. कोणाला बोलताय ते मागून कसं कळायचं?"

यावर बराच विचार झाला. कुत्रा काढून टाकला तर किलोमीटरमागे तेराच शब्द उरत होते आणि दर आणखीच मोडत होता. कुत्रा ठेवला. वहीत जे येईल ते येईल, काटछाट शेवटी करू, असा ठराव झाला. (पुढे जे झालं त्याला हा ठराव कारणीभूत आहे. ठराव करताना माणसाने कुत्र्यापलीकडे पाहावं.)

एखादा माणूस सकाळी धावतो आणि त्याची बायको सायकलवरून त्याचं बोलणं टिपून घेते, हे दृश्य रस्त्याने फार दिवस एकट्या चष्मेवाल्यांकडे राहू दिलं नाही. चार महिन्यांत लेखक-धावक मंडळ स्थापन झालं. सभासद चार: चष्मेवाले (अध्यक्ष), कोपऱ्यावरचे दंतवैद्य, एक करसल्लागार, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलबाई. दर रविवारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात सभा होई. बसायला खुर्च्या तीनच असल्यामुळे अध्यक्ष दात काढायच्या खुर्चीत आडवे पडून सभा चालवत.

मंडळाची प्रगती झपाट्याने झाली. भूगोलबाई चढणीला प्रवासवर्णन आणि उताराला आत्मचरित्र लिहीत. करसल्लागार धावताना कविता रचत, पण लाल दिव्याला थांबावं लागलं की कवितेतही एक ओळ मोकळी सोडत. शहरात दिवे फार असल्याने ते लवकरच नवकवी म्हणून ओळखले जाऊ लागले. दंतवैद्यांनी "धावणे आणि लेखन: एक अतूट नाते" या विषयावर सहा महिन्यांत चौदा लेख लिहिले. एवढं लिहायचं म्हणजे वेळ लागतो. त्यामुळे धावणं त्यांना सोडावं लागलं. मंडळाने त्यांच्या त्यागाची इतिवृत्तात नोंद घेतली.

मग वार्षिक शर्यत आली. बेचाळीस किलोमीटरची. अध्यक्षांनी जाहीर केलं की कादंबरीचं शेवटचं प्रकरण ते या शर्यतीत, धावता धावता, पूर्ण करतील. (मधली प्रकरणं व्हायची होती, पण बेचाळीस किलोमीटर रोज मिळत नाहीत.) संयोजक म्हणाले, शर्यतीत सायकल चालणार नाही. मंडळाने तीन पानी अर्ज केला. भरपूर पत्रव्यवहारानंतर वहिनींची सायकल "लेखनसाहित्य" या सदरात मंजूर झाली.

शर्यतीच्या दिवशी माझी नेमणूक शेवटच्या रेषेवर होती, हातात ओला टॉवेल घेऊन. भूगोलबाई पाच तासांत आल्या आणि ताज्यातवान्या होत्या. करसल्लागार अठराव्या किलोमीटरला एका लाल दिव्याशी थांबले ते थांबलेच. सहा तास झाले. लोक पांगले. कमान पाडायला माणसं शिडी घेऊन आली. मी त्यांना दहा मिनिटं थांबायची विनंती केली, तेव्हा वळणावरून चष्मेवाले येताना दिसले. धावत होते असं म्हणायला हरकत नाही. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्यांच्या शेजारून वहिनी येत होत्या. सायकलवर नव्हत्या. सायकल हाताने ढकलत होत्या. डोळे लाल होते.

"काय झालं वहिनी?"

"वारा होता, भावोजी."

झाडाचं पानही हलत नव्हतं. पण माझा स्वभाव मूळ प्रतीत हात न घालण्याचा आहे. मी टॉवेल दिला.

चष्मेवाले दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी उठून खुशीत वर आले, वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शेवटचं प्रकरण जमलंय हो. तिसाव्यापर्यंत जे सुचत होतं ते तर अप्रतिम. पुढचं काही आठवत नाही, पण ओघ होता एवढं नक्की. तुम्ही साफ करा आणि छापखान्यात द्या. मी आता छापलेलंच वाचणार."

त्यांना आठवत नव्हतं हे खरं असावं. डॉक्टर मला नंतर म्हणाले, तेवढं अंतर गेलं की अंगातली शिदोरी संपते आणि जिभेवरचा पहारा उठतो.

मी वही उघडली. बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत धुकं होतं. त्यापुढचं असं होतं:

"किमी ३३. पाय माझे नाहीत. (श्वास.) धुकं राहू दे.

किमी ३४. अण्णा आजारी पडले तेव्हाचं. दुकानात कोणी नव्हतं. तू नवीन होतीस घरात. (श्वास.) तुझं पत्र आलं होतं. शाळेचं. नेमणुकीचं.

किमी ३५. मी ते खणात ठेवलं. चष्म्याच्या काड्यांच्या खणात. आठच दिवस ठेवणार होतो. मग अण्णा गेले. मग हजर व्हायची मुदत गेली. मग तुला दिलं. पोस्टाने उशीर केला म्हणालो. (श्वास.) तू पोस्टमनला किती बोललीस.

(सायकल थांबवली.)

(पुन्हा निघाले. मधलं अंदाजे दोनशे मीटर ऐकू आलं नाही.)

किमी ३६. तो मान खाली घालून ऐकत होता बिचारा. मी तिथेच उभा होतो. काच पुसत.

किमी ३७. दुकान चाललं. तू होतीस म्हणून चाललं. (श्वास.) पण ते तुझं नव्हतं.

किमी ३८. पाणी."

चाळीस वर्षं मी मजकूर तपासतो आहे. एवढ्या मजकुरात मला एकही चूक सापडली नाही, आणि म्हणून फार अस्वस्थ झालो. हे छापायचं म्हणजे एका घराची भिंत पाडायची. आणि गाळायचं म्हणजे, वहिनी ज्याला उण्याच्या जागी अधिक म्हणतात, ते.

दुपारी चष्मेवाले भिंगं आणायला बाहेर गेल्यावर मी खाली दुकानात गेलो. वहिनी एका आजीबाईंच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होत्या. आजीबाई जाईपर्यंत मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत उभा राहिलो. वरची मोठी वाचता आली. खालची नाही.

"वहिनी, तेहतीसच्या पुढचं..."

"हं."

"ठेवायचं का?"

त्यांनी स्क्रूची डबी बंद केली. "मी ऐकलं ते लिहिलं, भावोजी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पत्राचं? नाही. मी त्या पोस्टमनशी तीन वर्षं बोलले नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही." मग डबी खणात ठेवत, "त्याचा चष्मा मात्र मीच करून देत होते. नंबर बरोबर देत होते."

"मग काय करू?"

"तुम्ही मजकुराला हात लावत नाही ना? लावू नका."

मी प्रुफं काढली. ती चष्मेवाल्यांनी काउंटरवरच वाचायला घेतली, सकाळी अकराला, दुकान उघडं असताना. मी मुद्दाम बाकावर बसून राहिलो. वहिनी एका माणसाला चौकटी दाखवत होत्या. धुक्याची पानं चष्मेवाल्यांनी मान डोलवत वाचली. दोनदा "वा" म्हणाले. मग मान डोलायची थांबली. एक पान त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. (चष्मेवाल्याला आपलाच चष्मा खोटा वाटतो आहे, असा प्रसंग मी पहिल्यांदाच पाहिला.)

गिऱ्हाईक गेलं.

"हे मी बोललो?"

"चौतीस ते सदतीस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तुम्ही धापा टाकत होतात. मध्ये कशी बोलणार?"

चष्मेवाले काउंटरच्या आतल्या बाजूला उभे होते, म्हणजे जिथे सव्वीस वर्षं वहिनी उभ्या राहिल्या तिथे. त्यांनी खालचा खण ओढला, आत पाहिलं, परत लावला. त्यांचा चेहरा धावून आल्यासारखा झाला होता.

"मग आता बोल," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोल. मी ऐकतो."

"आता दुकान आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हाला नुसतं ऐकून लक्षात राहत नाही. लिहून घ्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खिडकीत चहाचा कप घेऊन उभा होतो. खाली दार उघडलं. आधी वहिनी बाहेर आल्या, पायात चष्मेवाल्यांचे जुने बूट, पुढे कापूस घातलेला. मागून चष्मेवाले सायकल घेऊन आले. वहिनी चालू लागल्या. चालता चालता बोलू लागल्या. काय ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकू यायचं कारणही नव्हतं. चष्मेवाले दर वीस पावलांवर पाय टेकवून लिहीत होते, आणि त्यांना गाठायला जमत नव्हतं. ते सायकलवर होते, वहिनी पायी होत्या, आणि अंतर वाढत होतं. कालव्याच्या वळणावर मी त्यांना ओरडताना ऐकलं: "अगं थांब जरा, 'तीन वर्षं' पर्यंतच झालंय!"

वहिनी थांबल्या नाहीत. थोडा वेग मात्र कमी केला, असं मला वाटलं. लांबून नक्की सांगता येत नाही.

हे चार महिने चाललं. पहिले दोन महिने वहिनी संध्याकाळी घरात त्यांच्याशी बोलत नसत. सकाळी बोलून झालेलं असे. तिसऱ्या महिन्यात एकदा जिन्यातून मला दोघांच्या हसण्याचा आवाज आला. विषय कुत्रा होता. चौथ्या महिन्यात वहिनी एकट्याच पोस्टमनच्या घरी जाऊन आल्या. तो निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, मला वाटलंच होतं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

वहिनींनी चष्मेवाल्यांना माफ केलं का, असा प्रश्न मंडळाच्या सभेत उपस्थित झाला (दंतवैद्यांकडून). अध्यक्षांनी खुर्चीत आडवं पडल्या पडल्या तो कार्यकक्षेबाहेरचा ठरवला. भूगोलबाई मात्र म्हणाल्या, "माफीचं माहीत नाही, पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती माझ्याबरोबर मोठ्यांच्या वर्गाला शिकवायला येते. लिहिता-वाचता न येणारी अकरा माणसं आहेत. तिच्या फळ्यावरच्या अक्षराकडे बघत बसतात." त्या दोन दुपारी दुकानाच्या काउंटरवर चष्मेवाले एकटे असतात, आणि नंबर दोनदा विचारून लिहितात.

पुस्तक निघालं. धुक्याची एकोणचाळीस पानं आणि वहीतलं धुकंही चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हाताने काढलं. त्यांना दुखलं, पण डॉक्टरांनी दुखण्याची सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. उरली नव्वद पानं. अर्धी वहिनींच्या अक्षरातून आलेली त्यांची, अर्धी त्यांच्या अक्षरातून आलेली वहिनींची. मुखपृष्ठावर नावं दोन्ही. मी फक्त एक पूर्णविराम घातला, तोही विचारून.

पुस्तक धावणाऱ्यांत चाललं, कारण दुकानदारांनी ते श्वसनतंत्राच्या कप्प्यात ठेवलं. लेखकांत चाललं, कारण त्यांना वाटलं श्वास हे प्रतीक आहे. मंडळाकडे अर्जांचा ढीग लागला. अर्ज तपासताना कार्यकारिणीच्या लक्षात आलं की अर्जदारांपैकी सात जण धावतात, पाच जण लिहितात, आणि उरलेले चारशे बारा जण यातलं काहीच करत नाहीत. ते फक्त धावणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांविषयी वाचतात. वाचून त्यांना हुरूप येतो. काही जणांनी तर घरच्या माणसांशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे, ती आता बोलायचीच, असंही अर्जात लिहिलं होतं; कधी, त्याचा रकाना कोरा होता.

एवढ्या मोठ्या संख्येकडे दुर्लक्ष करणं लोकशाहीला धरून झालं नसतं. म्हणून मंडळाने "वाचक-सभासद" असा नवा वर्ग निर्माण केला. त्याला अर्ज लागत नाही, सहीही लागत नाही. धावणं आणि लिहिणं या विषयावरचा सुमारे दोन हजार शब्दांचा मजकूर बसल्या जागी पूर्ण वाचला की सभासदत्व आपोआप लागू होतं. तुमचा क्रमांक चारशे तेरा. अभिनंदन.

राजीनामा देण्याची सोय आहे. त्यासाठी फक्त उठावं लागतं. आजपर्यंत एकही आलेला नाही.